बाईंना स्कूटी शिकवताना

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झाले, आणि घराबाहेर पडणं बंद केलं. अड्याळला आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं की मी डॉक्टर होणार. आईनंच कौतुकानं सांगून ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी तर मी खिडकीसुद्धा उघडत नसे.

दोन घरं सोडून एक नर्सबाई राहायच्या. नुकत्याच रिटायर झालेल्या. एका सकाळी त्या आल्या आणि आईला म्हणाल्या, "पोरीले पाठव माह्यासंगं. मले स्कूटी शिकाची हाये."

"आता या वयात कायले, बाई?"

"मी रिटायर झाली, बाळंतिणी थोड्याच झाल्या? पायी जाऊन जाऊन गुडघे गेले माहे."

नाही म्हणायची सोयच नव्हती. माझा जन्म त्यांच्याच हातचा.

दुसऱ्या दिवसापासून माझी कॉलेजची स्कूटी घेऊन आम्ही तलावाच्या पाळीकडच्या कच्च्या रस्त्यावर जाऊ लागलो. धान कापून झालं होतं, बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या होत्या. मी मागं बसून हळूच सांगायची, "ब्रेक दाबा." बाई ओरडायच्या, "जोरात सांग व! भेलेल्या माणसाले बारीक आवाज आयकू येत नाई." महिनाभरात पहिल्यांदाच मी मोठ्यानं बोलले.

चौथ्या दिवशी बाई गाडीसकट बांधीतल्या चिखलात गेल्या. पाळीवर बसलेली चार माणसं खो खो हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाईंनी आधी गुडघा तपासला, मग पदरानं तोंड पुसलं.

"बाई, लोकं हासून राहिले. लाज नाई वाटत तुमाले?"

"वाटते ना. लय वाटते. उचल गाडी."

मला एकदम रडू फुटलं. बाईंनी 'रडू नको' म्हटलं नाही. बांधावर माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, "झोप लागते का तुले? जेवन जाते?" तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. जगावंसं वाटत नाही, हेही. 

संध्याकाळी आईबाबांसमोर बसून त्या म्हणाल्या, "ताप आला तं दवाखान्यात नेता ना? तसंच हाये हे. उद्या मी नेतो हिले." मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे त्या मला कितीदा तरी घेऊन गेल्या. मी आत असेपर्यंत बाकावर बसून राहायच्या. आत काय बोलणं झालं, ते एकदाही विचारलं नाही.

ती परीक्षा मी पुन्हा दिली नाही. नर्सिंग केलं. आज साकोलीकडं नोकरी करते, आणि माझी झोप चांगली आहे.

बाईंना लायसन मिळालं. आता त्यांच्या ओसरीवर रविवारी चार-पाच मुली जमतात. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणी गणितात अडकलेली. बाई प्रत्येकीकडून आधी काहीतरी शिकून घेतात. ही समाजसेवा आहे, असं त्यांना वाटतही नसावं. गेल्या महिन्यात मी गेले, तेव्हा दिघोरीची एक अबोल मुलगी त्यांना मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवत होती. बाईंना जोडाक्षर काही जमत नव्हतं, आणि ती पोट धरून हसत होती.