यादीत आमच्या गावाचं नाव होतं

नोलीन ट्रेम्बॅथवर गेल्या उन्हाळ्यात जो प्रसंग आला, त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शोधून काढायला नको.

नोलीन सहासष्ट वर्षांची. नवरा लान्स खाणीत इलेक्ट्रिशियन होता, तो सात वर्षांपूर्वी गेला. मुलगी केरिन इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. सोमवारी आणि गुरुवारी नोलीन ऑक्साइड स्ट्रीटवरच्या चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बसते. लोकांनी दान केलेले ब्लाउज झटकते, घड्या घालते, बटणं लावते. आणि उरलेल्या दिवसांत ती इंटरनेटवर एक ब्लॉग लिहिते. मिसेस मूनी या नावानं. कशावर, तर बायकांच्या खासगी खेळण्यांवर. बॅटरीवर चालणाऱ्या. कळलं ना? मग नाक मुरडू नका, पुढे ऐका.

चावटपणा तिच्या लिहिण्यात नावाला नाही. वाचायला बसाल तर वाटेल मिक्सरचं माहितीपत्रक वाचतोय. सिलिकॉनच्या दोन वस्तू एका खणात चिकटून ठेवू नका, कधीकधी एकमेकींत विरघळतात. आमच्यासारख्या चव्वेचाळीस अंशांच्या गावात बॅटरी पूर्ण भरून कपाटात टाकू नका, निम्मी ठेवा. फोनवरचं अ‍ॅप तुम्ही कुठे आहात हे विचारत असेल तर त्याला सांगू नका, त्याचा काय संबंध. वस्तू परत पाठवायची तर आधी बॅटरी पार उतरवा. हे शेवटचं ती अनुभवानं शिकली. तिचं एक पार्सल पोस्टाच्या काउंटरवर आपोआप सुरू झालं आणि वजनकाट्यावरून घरंगळत निघालं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, टूथब्रश का? नोलीन म्हणाली, हो, दाढांचा.

फोटो टाकताना तर तिची काळजी बघण्यासारखी. फोटोच्या पोटात जागेची नोंद असते, ती ती पुसायची. खिडकी दिसू द्यायची नाही, पडदा दिसू द्यायचा नाही. कुठल्याही बाईला शोधून काढता येऊ नये, हा तिचा कायदा. स्वतःला तर नाहीच नाही. केरिनला कळलं तर ती जन्मात आपलं तोंड बघणार नाही, असं ती मला कितीदा म्हणाली असेल.

आणि एवढं सगळं करून घात केला तो मी.

मी वाचनालयात तीस वर्षं काढली, गावात कुणाचा कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात. ब्लॉग सुरू करताना तिनं मलाच बोलावलं होतं. सेटिंगमध्ये घड्याळ लावायचं होतं. त्यासाठी यादीतून शहर निवडावं लागतं. सिडनी, मेलबर्न, पर्थ असली बडी बडी शहरं, आणि त्यांच्यात चक्क आमचं ब्रोकन हिल. सतरा हजारांचं गाव. आमचं राज्य सिडनीचं, पण घड्याळ आम्ही अ‍ॅडलेडचं चालवतो, अर्धा तास मागे, म्हणून जगाच्या यादीत आम्हाला वेगळी ओळ. मी इथेच जन्मले, माझी आई इथेच जन्मली. ती ओळ दिसल्यावर मी दुसरं काय निवडणार होते? छाती फुगवून बटण दाबलं. नोलीनला बोलावून दाखवलंसुद्धा. तीही खूश झाली. सिडनीच्या माणसानं सिडनी निवडलं तर तो पन्नास लाखांत हरवतो. आम्ही आमचं गाव निवडलं आणि आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मंगळवारी तिच्या ब्लॉगवर कुणीतरी निनावी माणसानं लिहिलं. लिहिलं होतं की तू ब्रोकन हिलची आहेस, विधवा आहेस, जुन्या कपड्यांच्या दुकानात बसतेस, हे तूच इकडे तिकडे लिहून बसली आहेस. अशा किती असतील? रविवारपर्यंत हे घाणेरडं पान बंद कर, नाहीतर तुझं नाव इथे लावतो आणि तुझ्या मुलीच्या शाळेला पण कळवतो.

तिनं ते लगेच पुसलं आणि मला फोन केला. मी तिच्या घरी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी वही घेऊन बसली होती. रडणं नाही, काही नाही. नऊ वर्षांत टाकलेल्या एकेका फोटोची यादी करत होती.

दोन दिवस आम्ही ते भोक शोधलं. सगळे फोटो तपासले, स्वच्छ. खोक्यांवरचे पत्ते तपासले, झाकलेले. विधवा, दुकान हे तिनं लिहिलं होतं, पण तशा बायका देशभर आहेत. गाव कुठून कळलं? गुरुवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर मी एका परदेशी ब्लॉगवालीचा जुना लेख वाचत होते. त्यात लिहिलेलं की घड्याळासाठी निवडलेलं शहर ब्लॉगच्या पत्त्यापुढे काही अक्षरं जोडून कुणालाही वाचता येतं. मी जोडली. पडद्यावर आकड्यांचा नि चिन्हांचा ढीग आला आणि मधोमध आमच्या गावाचं नाव. नऊ वर्षं ते तिथे उघड्यावर पडलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला बोलावून दाखवलं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हर्ना," ती म्हणाली, "तू सिडनी लावलं असतंस तर तुझ्या आईनं तुला घरात घेतलं नसतं."

हसली ती. मला हसू आलं नाही, उलट राग आला. मी म्हटलं, बंद कर बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज बंद केलंस तर त्याचं तोंड बंद होईल, केरिनला कळायचं नाही, संपलं. मी तावातावानं बोलत राहिले, कारण माझी चूक निस्तरायचा तोच एक रस्ता मला दिसत होता.

तिनं वही उलटी केली. मागच्या पानांवर तिनं बायकांची पत्रं उतरवून ठेवली होती, नावं गाळून. छातीच्या ऑपरेशननंतर नवऱ्यासमोर कपडे बदलत नाही अशी एक. पासष्टीत पहिल्यांदा विचारते आहे, वेड्यासारखं वाटतंय का, असं विचारणारी एक. डॉक्टर माझ्या मुलाच्या वर्गातला, त्याला कसं विचारू, म्हणणारी एक. प्रत्येकीला नोलीननं उत्तर दिलं होतं.

"हिला काय सांगू?" ती म्हणाली. "कुणीतरी दम दिला म्हणून दुकान मोडलं, असं सांगू? मी बंद करणार नाही. आणि त्याला माझं नाव लावायचं सुख पण देणार नाही. केरिनला मी सांगेन. तू चल, चूक तुझी आहे."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही केरिनकडे गेलो. ती चीझ स्लॉ, म्हणजे आमच्याकडची चीझ-गाजराची कोशिंबीर करत होती, गाजर किसत होती. नोलीन बसलीसुद्धा नाही. दारात उभी राहून एका दमात सगळं बोलली. ब्लॉग काय, नाव कोणतं, धमकी कसली, रविवारी काय होणार. केरिन किसत राहिली. गाजर संपलं तरी हात किसणीवर चालूच होता. मग तिनं हात धुतले, पुसले.

तिनं काय काय विचारलं ते सगळं सांगत नाही. वर्गात कशी उभी राहू, पालकांना काय सांगू, तुला या वयात हे सुचलं तरी कसं. नोलीन ऐकून घेत होती. मला मध्ये पडावंसं वाटत होतं, पण मी कोणत्या तोंडानं पडणार? शेवटी केरिननं हिशोब केला. नऊ वर्षं म्हणजे लान्स जिवंत असताना. ऑक्सिजनची नळी लावून आतल्या खोलीत पडला होता तेव्हा.

"डॅड तिकडे मरत होता," ती म्हणाली, "आणि तू इकडे हे लिहीत होतीस?"

खरं सांगते, हा प्रश्न माझ्याही मनात नऊ वर्षं होता. त्याला काहीच माहीत नसणार असंच मी धरून चालले होते.

नोलीन तेव्हा खुर्चीत बसली. "पहिलं पार्सल डॅडनंच मागवलं," ती म्हणाली. "माझी फुप्फुसं गेली म्हणून तू का उपाशी राहायचं, असं म्हणाला तो. मी रागावले होते त्याच्यावर. आठ दिवस खोकं उघडलं नाही. आणि उघडलं तर ते मेलं चालेचना. तुझा बाप उठून बसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, स्क्रू-ड्रायव्हर आण. ते सगळं उघडून पांघरुणावर मांडलं. चार्जिंगची पिन कुठे वाकली, बॅटरी स्वस्तातली कशी वापरली, धुताना पाणी कुठून शिरतं, मला समजावून सांगत बसला. मग म्हणाला, हे लिहून ठेव, दुसऱ्या कुणाच्या बाईचे पैसे वाया जायला नकोत. पहिली वीस परीक्षणं तुझ्या बापाची आहेत, केरिन. त्याच्यानं एका वेळी चार वाक्यं बोलवत नव्हती. तो सांगायचा, थांबायचा, मी लिहून घ्यायची. गेला त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत आमचं ते चाललं होतं."

केरिननं पाठ फिरवली आणि सिंककडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "जा आता, मम. प्लीज."

आम्ही निघालो.

शनिवारी सकाळी नोलीननं स्वतः टाइप केलं. मी फक्त शेजारी बसले. लेख बारा ओळींचा. मी नोलीन ट्रेम्बॅथ, ब्रोकन हिल. नऊ वर्षं मिसेस मूनी या नावानं लिहिते. कुणीतरी माझं नाव उद्या सांगणार होतं, म्हणून मी आज सांगते. तुमची पत्रं सुरक्षित आहेत, त्यांत नावं नाहीत. तुमचाही ब्लॉग असेल तर घड्याळाचं शहर आधी बदला, आणि छोट्या गावचे असाल तर गावाचा अभिमान जरा आवरा. याखाली घड्याळ बदलायची रीत तिनं एक-दोन-तीन करून दिली. हात दाखवून अवलक्षण करते आहेस, मी म्हटलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बटण दाबलं.

रविवारी तो निनावी माणूस आलाच. तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून गेला. खाली कुण्या बाईनं उत्तर दिलं, हो, वरच लिहिलंय की. त्यानंतर तो दिसला नाही.

पण गाव दिसलं ना. रविवारच्या दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. दुकान बघणाऱ्या मिसेस पॅस्को यांचा फोन आला की नोलीन, काही आठवडे विश्रांती घे, तुझ्याच भल्यासाठी. नोलीन म्हणाली, माझा वार सोमवार आहे, आणि मी दमलेली नाही. सोमवारी ती नऊच्या ठोक्याला दुकान उघडून बसली. मीही गेले. मला काम नव्हतं, पण कुणी काही बोललंच तर बोलायला माणूस हवं म्हणून गेले.

कुणी बोललं नाही, त्याहून वाईट केलं. बायका येत, हँगर इकडचे तिकडे सरकवत, तिच्याकडे चोरून बघत आणि काही न घेता जात. साडेबारापर्यंत एक रुमालसुद्धा विकला गेला नाही. नोलीन गल्ल्याशी ताठ बसून एका कार्डिगनला बटण लावत होती. केरिनचा शुक्रवारपासून फोन नव्हता. तिनं तीनदा केलेला, केरिननं उचलला नव्हता. ती खचली नव्हती असं म्हणणार नाही. सुई चार वेळा बोटात गेली, मी मोजलं.

शाळेच्या मधल्या सुट्टीत केरिन आली. गळ्यात शाळेचं ओळखपत्र तसंच. दुकानात तेव्हा सहा-सात बायका होत्या, मिसेस पॅस्को त्यांत. सगळ्यांचे हात हँगरवर थांबले. केरिन सरळ गल्ल्यापाशी गेली. डोळे सुजले होते तिचे.

"वाचलं मी," ती म्हणाली. हळू बोलली नाही. "पहिल्यापासून सगळं. पहिल्या वीसमध्ये डॅडचंच बोलणं आहे. वाकली पिन ती वाकलीच, असं तोच म्हणायचा."

नोलीननं मान हलवली.

"मग तिथे त्याचं नाव का नाही?"

"त्यानंच नको म्हटलं होतं," नोलीन म्हणाली. "तुला लाज वाटेल म्हणून."

केरिननं वळून त्या सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं. मग आईच्या हातातलं कार्डिगन काढून बाजूला ठेवलं.

"लाव," ती म्हणाली. "लान्स ट्रेम्बॅथ, इलेक्ट्रिशियन. माझ्यासमोर लाव."

नोलीनला फोनवरची अक्षरं दिसेनात, म्हणून ते नाव केरिननंच टाइप केलं.