बिघाडाचे वाटे

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? जो म्हणतो "माझं काही बिघडतच नाही" त्याच्यावर, की जिचं दर महिन्याला काहीतरी बिघडतं तिच्यावर?

विचारायचं कारण, गेल्या वर्षात माझ्या दुकानात सुकटीपेक्षा किस्से जास्त साठलेत. सगळे वेबसाइटचे! मुरूडला माझं सुक्या मासळीचं दुकान. शेजारी हनीफभाईंचं लॉज. कोळीवाड्यात जयवंत तांडेल, बोट चालवतो आणि घरावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. आमच्या तिघांच्याही साइट बनवल्या नागावच्या रूपालीने. मुंबईची नोकरी सोडून ती गावी आलेली. आमच्या तीन साइट हाच तिचा सगळा धंदा. आम्ही तिला सोडलं असतं, तर पोरीला पुन्हा मुंबई गाठावी लागली असती.

आणि सोडायची वेळ आलीच होती. ऐका.

*

पहिला नंबर माझा. साइट सुरू झाली, फोन वाजायला लागले. ठाण्याच्या एक बाई चिडून म्हणाल्या, "अहो, बोंबलाचे पैसे भरायला जाते, तर तुम्हीच येता!"

"मी? कुठे?"

"फोनवर! पैसे भरायचं बटण दाबलं की चॅट उघडतं आणि तुमचा फोटो दिसतो. मला बोंबील हवेत, तुम्ही नकोत!"

झालं होतं असं की, चॅटचं हिरवं बटण आणणारा प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा, वेगळा, पैसे घेणारा वेगळा. मोबाइलवर एक बरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर बसला होता. रूपाली एसटीने धावत आली. "काका, मी लॅपटॉपवर तपासलं होतं. तिथे दोघं लांब लांब आहेत."

मी म्हटलं, "बाळा, बोंबील घेणारी बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसत नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कढईतला झारा!"

त्या दिवसापासून ती प्रत्येक साइट आधी माझ्या बायकोच्या जुन्या फोनवर बघते. त्यावर चाललं की जगात चालतं.

*

मग हनीफभाई. त्यांच्या साइटवर एका प्लगइनने फोटो सरकत राहायचे. लॉज, गच्ची, समुद्र. साइट जड झाली म्हणून वेग वाढवणारा प्लगइन घातला. त्याचा नियम असा, की माणूस खाली सरकल्याशिवाय फोटो दाखवायचा नाही. आणि हे फोटो तर सगळ्यात वर!

पुण्याहून फोन आला. हनीफभाईंनी अदबीने घेतला, ऐकलं, आणि फोन ठेवून माझ्या दुकानात आले.

"काय झालं?"

"मेहमान विचारतोय, साइट तर फास्ट उघडली, लॉज कधी बांधणार?"

*

रूपालीने फोटोवाल्या आणि वेगवाल्या, दोन्ही प्लगइनच्या कंपन्यांना लिहिलं. एकीचं उत्तर आलं, 'आमचा माल उत्तम, दुसऱ्याला विचारा.' दुसरीचंही तेच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. आमच्याकडे लग्नात जेवण कमी पडलं की मुलाकडचे मुलीकडे बोट दाखवतात, मुलीकडचे आचाऱ्याकडे, आणि पंगत बसलेली असते उपाशी!

शेवटी मी तिला म्हटलं, "एकाचं उत्तर उचलून दुसऱ्याला पाठव, दुसऱ्याचं पहिल्याला. भांडू देत आपापसात."

तिने खरंच पाठवली. हनीफभाईंची साइट मात्र तिने स्वतःच बसून दुरुस्त केली. कंपन्या अजून भांडत असतील!

*

पण गोष्ट हाताबाहेर गेली ती जयवंताच्या घरी. त्याच्या पाहुण्यांना ओहोटी कधी ते लागायचं, म्हणून रूपालीने भरती-ओहोटीचा प्लगइन लावला. तो चालतो तिथीवर. बुकिंगवाला चालतो तारखेवर. दोघांनी तारीख ठेवायला एकच खण वापरायला घेतला!

डोंबिवलीच्या लोकांनी अकरा तारीख निवडली. जयवंताच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या फोनवर मेसेज आला, 'नऊ पाहुणे, एकादशी.' एकादशी होती दहाला. वहिनींना वाटलं, देवभोळी माणसं दिसतात. पातेलंभर साबुदाण्याची खिचडी करून बिचाऱ्या दिवसभर वाट बघत बसल्या. कोणी आलं नाही.

अकराला दारात नऊ माणसं उभी. "वहिनी, सुरमई आहे ना?"

घरात फक्त खिचडी! तीही कालची!

त्यांनी साइटखाली काय काय लिहिलं ते इथे सांगत नाही. रूपाली वहिनींसमोर मान खाली घालून उभी होती. "मी दोन्ही प्लगइन तपासले होते. वेगवेगळे. एकत्र नाही."

वहिनी म्हणाल्या, "पोरी, सून चांगली हाय नि सासू चांगली हाय, म्हनून घर चांगलं हाय असं नसतं गो!"

*

हनीफभाई म्हणाले, "बस्स झालं. दिवाळीचा सीझन आलाय. पनवेलची एजन्सी बघू." एजन्सीचा माणूस आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं त्याहून इस्त्रीचं. "आमच्याकडे काही बिघडत नाही."

मी विचारलं, "प्लगइन भांडले तर?"

"ते त्यांच्या कंपनीचं."

"साइट बंद पडली तर?"

"ते सर्व्हरवाल्याचं."

"मग तुमचं काय?"

त्याने हसून व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं!

तरी हनीफभाईंनी कार्ड जपून ठेवलं. जयवंत समुद्रावरून परत आला की तिघांनी बसून ठरवायचं होतं.

*

आणि जयवंताने जाता जाताच घोळ घातला! बोट सुटताना फोनवर दिसलं, 'अपडेट बाकी.' निघण्याआधी बोट धुवायची त्याची सवय. म्हणाला, हेही साफ करून टाकू. 'सगळे अपडेट' दाबलं आणि गेला रेंजबाहेर. साइट पांढरीफटक! ऐन दिवाळीच्या बुकिंगला!

रूपालीला आत शिरायला ओटीपी हवा. तो जाणार जयवंताच्या फोनवर. फोन समुद्रात!

वहिनींनी बंदरातल्या एका बोटीच्या वायरलेसवरून निरोप दिला, "तांडेलांना सांगा, रेंजमदी या!" एका बोटीकडून दुसरीकडे निरोप पुढे गेला. घरी कोणाचं काय झालं, या भीतीने जयवंताने अर्ध्यावर जाळं ओढलं आणि किल्ला दिसेपर्यंत बोट हाणली. फोन लागला. बायकोचा आवाज ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

"काय झाला गो?"

"काय न्हाय. आकडा सांगा!"

दुसऱ्या दिवशी हनीफभाईंच्या लॉजवर बैठक. साइट चालू झाली होती, पण कार्ड टेबलावरच होतं. रूपाली आली. तिला ठाऊक होतं कशाला बोलावलंय ते.

"जयवंतकाका, बटण तुम्ही दाबलंत," ती म्हणाली. "पण ते तुमच्या हाताला लागेल असं ठेवलं मी. आधी साइटच्या नकलेवर सगळे प्लगइन एकत्र चालवून बघायचे, मग खऱ्या साइटवर घ्यायचे, हे काम माझं. आजपासून ते बटण माझ्याकडे."

जयवंताने खारी बिस्किटांची बशी पुढे ओढली आणि वाळूत मासळीचे वाटे घालतात तसे टेबलावर घालायला लागला. "बटान दाबला, यो वाटा माजा. यो या कंपनीचा. यो त्या कंपनीचा. नि ये दोन रूपालीचे."

"मला दोन का?"

"एक मानसाचा, एक जाल्याचा. ज्याचा जाला त्याला येगला वाटा. साइटचा जाला तुजाच. बोटीवर असाच असतंय."

रूपालीने दोन्ही ढीग आपल्याकडे ओढले.

हनीफभाईंनी कार्ड उचललं. "आणि या एजन्सीवाल्याचा?"

जयवंत चहात खारी बुडवत म्हणाला, "त्यो बोटीवर कुटं व्हता?"

तुमच्याकडेही काहीतरी बंद पडेलच. वाटे घाला, फक्त आपला ढीग लहान करू नका, एवढी विनंती.