शाळेच्या मागचा बोळ

फरीदाबादला आमच्या शाळेतला एक मुलगा पुढे मोटरसायकली चोरताना पकडला गेला. तिथले ओळखीचे लोक म्हणाले, "वो तो शुरू से ही ऐसा था." शाळेच्या पुढच्या बाजूला तो तसा नव्हता. प्रार्थनेला रांगा तोच सरळ करायचा.

शाळा नवी होती. नव्या सेक्टरांमध्ये तेव्हा घरांच्या आधी शाळांचे बोर्ड लागत. रस्त्याकडून काचा, संगमरवरी पायऱ्या, कुंड्या. संडास मात्र मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळात. तिकडे एकही खिडकी उघडत नसे. दारांच्या आतल्या कड्या तुटलेल्या, बाहेरच्या शाबूत.

मी सहावीत, तो आठवीत. एकदा मी संडासात असताना त्याने बाहेरून कडी लावली. "ओए मराठे, गाना सुना अपनी भाषा में, तब खोलूँगा."

मला गणपतीच्या आरतीशिवाय काही आठवेना. अख्खी म्हटली. बाहेर पोरं टाळ्या वाजवून साथ देत होती.

घरी सांगितलं तर आई हादरली, पण भलत्याच गोष्टीने. "आरती? संडासात? अरे, दुसरं काही सुचलं नाही तुला?" देवापुढे नाक घासायला लावलं. बाबा कारखान्यात फिटर. ते म्हणाले, "इथलं झेपत नसेल तर गावी काकाकडे जा. पुढचं पुढे बघू." गावची शाळा सातवीपर्यंतच होती. बाबांचं शिक्षण तिथेच संपलं होतं. मला त्याच्या पुढे जायचं होतं, म्हणून गप्प बसलो. शाळेत पाणी पिणं सोडलं. लघवीला जळजळ व्हायची, तेही बोललो नाही.

मग शाळेने कॉम्प्युटर आणले. पालकांना दिसावेत म्हणून ते रस्त्याकडच्या स्टाफरूममध्ये मांडले, आणि टीचर लोकांना मागे, बोळाला लागून असलेल्या स्टोअरमध्ये पाठवलं. मॅडम लोक चिडल्या. कोंदट वाटतं म्हणून त्यांनी ठोकून बंद केलेली खिडकी सुताराकडून उघडून घेतली. आमचा विचार यात कोणीच केला नव्हता. पण खिडकीत बसून मटार सोलणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या बायकांसमोर कडी कोण लावणार? तो आला, "नमस्ते मॅडम" म्हणाला, हात धुतले आणि गेला.

नंतर त्याची टोळी शाळेसमोरच्या अर्धवट बांधलेल्या फ्लॅटांत बसू लागली. तिथे बघणारं कोणी नव्हतं. बोळाने त्याला चोर केलं असं मी म्हणत नाही. त्याच टोळीतला एक जण आज बँकेत आहे. पण कोणी बघत नसताना काय खपतं, याचा सराव त्याने बोळात केला, एवढं मी पाहिलंय.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण मॅडम लोकांनी मागे जायला नकार दिला असता तर काय, हेही मला ठाऊक आहे.

खिडकी उघडली त्या आठवड्यात मी बाबांना म्हणालो, "मी गावी नाही जाणार."

ते बूट काढत होते. "मग सकाळी लवकर ऊठ. रोज बस चुकवतोस."