कापसाच्या खोलीतला ससा

भाची हैदराबादहून ससा घेऊन आली तेव्हा वेचणी अर्ध्यावर आली होती. ती राहत होती त्या घराच्या मालकानं प्राणी ठेवायला मनाई केली होती. दुसरं घर मिळेपर्यंत ससा आमच्याकडे, म्हणजे इचोड्याजवळच्या गावात, तिच्या मामांच्या घरी राहणार होता. घरात माणसं तीन: थोरला भाऊ, वहिनी आणि वर्तमानपत्रातली नोकरी संपवून परतलेला मी.

ससा मोठ्या विलायती जातीचा होता. रंग करडा. मागच्या पायांवर उभा राहिला की पाण्याच्या पिंपाच्या काठाला त्याचं नाक लागे. वहिनी दारातच थांबल्या.

"हा ससा हाय का वासरू वं?"

"ससाच आहे मामी. हा घरातच राहतो."

"घरात? मंग आमी काय गोठ्यात झोपाव?"

भाची दुसऱ्या दिवशी परत गेली. भावानं बाजारातून कोंबड्यांचा पिंजरा आणून पडवीत ठेवला. त्यात सशाला कान ताठ करून बसता येत नव्हतं. पिंजऱ्याला तळालाही तारेची जाळी होती. कुत्र्याच्या पावलाला असते तशी गादी सशाच्या पावलाला नसते, नुसते केस असतात. त्यात हा अंगानं जड. काही दिवसांत मागच्या तळव्यांचे केस गेले आणि खालची कातडी लाल दिसू लागली. हे पहिल्यांदा वहिनींच्या लक्षात आलं. मेथीच्या काड्या टाकायला त्याच रोज वाकत होत्या.

"भाऊजी, लोखंडावर काऊन बसवून ठेवलं त्याले? पाय पाहा त्याचे."

त्या कापसाच्या खोलीत गेल्या. आमच्या घरी पहिल्या वेचणीतला थोडा कापूस बाजूला ठेवतात. कुणाच्या घरी बाळ होणार असेल तर दुपटं-उशी त्यातून होते. वहिनींनी त्यातला ओंजळी ओंजळींनी काढला, बोटांनी सरकी आणि पातेरा वेगळा केला आणि पिंजऱ्यात जाड थर पसरला. ससा त्यावर लांब पसरून झोपला. आम्ही तिघंही बघत उभे होतो आणि तिघांनाही ते बरंच वाटलं. हा सगळा भाग कापसावर जगतो. त्यावर झोपणाऱ्याला त्यापासून काही होईल, ही शंका कुणाच्या मनात आली नाही.

पण ससा ज्यावर झोपतो तेच कुरतडतो. त्याचं खाणं थांबलं. लेंड्याही थांबल्या. पाठ गोळा करून, डोळे अर्धे मिटून तो एका जागी बसून राहिला. भाचीला फोन केला. ती म्हणाली, सशाचं पोट बंद पडलं तर वाट पाहायची नसते, लगेच डॉक्टरकडे न्या. वहिनींनी त्याला टोपलीत घातलं, वर लुगडं बांधलं आणि आम्ही ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "रुई खिलाया क्या?"

"खिलाया नहीं," वहिनी म्हणाल्या, "बिछाया."

"अम्मा, इसको बिछाना-खाना एक ही है."

त्यांनी इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. पिंजरा नको म्हणाले. याला मोकळं फिरू द्या. फिरला तर पोट चालेल. खाली फरशी नको, पाय घसरतात. वाळलेलं गवत समोर राहू द्या. कल तक लेंडी आई तो बचा.

येताना वहिनींनी टोपली मांडीवर धरून ठेवली होती. अंगणात उतरल्यावर म्हणाल्या, "पोरीले काय सांगू? तुह्या सशाले म्या मारलं म्हून?"

पुढच्या खोलीत गुळगुळीत फरशी होती, पडवीत कुत्री येत. मातीची जमीन आणि जाड भिंती एकाच खोलीला होत्या, आणि ती कापसानं आढ्यापर्यंत भरलेली होती.

"आठ दिवसांनी कापूस न्याले गाडी येऊन राह्यली," भाऊ म्हणाला. "तवर थांब ना."

"तवर थो थांबन का?"

दुपारभर आम्ही कापूस पुढच्या खोलीत वाहिला. मग वहिनींनी ती जागा झाडली आणि कोपऱ्याकोपऱ्यातून बोंडाचा एकेक तंतू बोटांनी वेचला. भावानं जुना लाकडी दिवाण विटांवर ठेवून एक बाजू फळीनं बंद केली. उरलेल्या बाजू भाचीनं उघड्या ठेवायला सांगितल्या. बाहेर पडायला दुसरी वाट असली तरच ससा आडोशाला जातो. खाली शिंदीच्या पानांची चटई आली, कारण ती कुरतडली तरी चालते. पिंजऱ्याची जाळी सोडवून तिचं दाराला फाटक केलं. दिव्याची वायर उंच बांधली. लेंड्यांसाठी घमेल्यात धानाचं तणस पसरून ते एका कोपऱ्यात ठेवलं आणि शेजारी गवताचा भारा. आता त्याला उभं राहून कान ताठ करता येत होते.

भाची फोनवर दिसत होती. कापूस कुणी घातला, हे तिनं एकदाही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मामी, पोटावरून हलक्या हातानं चोळ, पुढून मागे." वहिनी जमिनीवर बसून चोळत राहिल्या.

सकाळी ससा दिवाणाखालून बाहेर आला होता. गवताच्या दोन काड्या तोंडात होत्या. घमेल्यात लेंड्या होत्या, बारीक, कडक, कापसाच्या तंतूत मण्यांसारख्या ओवलेल्या. वहिनींनी तो सर तसाच उचलला आणि पुढच्या खोलीत आणला.

"आवो, पाहा! माळ काढली त्यानं!"

"मी चाय पिऊन राह्यलो ना!" भाऊ कप घेऊन मागे सरकला आणि कापसाच्या ढिगात बसला.

बातमीदारीत मी आभारप्रदर्शनाची पुष्कळ भाषणं उतरवून घेतली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. घरात जनावर नको म्हणणाऱ्या बाईनं वर्षाची कमाई ठेवायची खोली एका दुपारी रिकामी केली होती. मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे त्यांना सांगितलं तर त्या हसतील.

भाचीला फोन लावला. ती आधी रडली, मग हसली. वहिनींनी दोन्ही होऊ दिलं. मग विचारलं,

"घर भेटलं का तुले?"

"अजून नाही मामी. शोधतेय."

"घाई नोको करू," वहिनी म्हणाल्या.