चेअरमनच्या नावाचा टोला

आमचा पत्रा गळायचा तेव्हा घरातली घोंगडी आधी ढोलावर जायची, उरली तर आमच्यावर. माझ्या जन्माआधीच मेंढरं विकून झाली होती. चरायला रानच राहिलं नव्हतं. आप्पा सकाळच्या गाडीनं दौंडच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती उतरवायला जायचे आणि संध्याकाळी पापण्या पांढऱ्या करून परत यायचे. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. रॉकेल पुरवायचं म्हणून उजेड असेपर्यंत चूल उरकायची आणि मी उंबऱ्यात बसून, वहीवर शेवटचा उजेड घेत अभ्यास करायचे. आमची वाडी खुटबाव स्टेशनपासून चालत जाण्याएवढी. अभ्यास करताना डोक्यावरून गेल्यासारख्या गाड्या जायच्या.

त्या घरात मोठेपणाची गोष्ट एकच, जत्रेतला ढोल. देवाची पालखी निघायची तेव्हा आप्पांचा ढोल पुढं, आणि संध्याकाळी स्टेजवरही पहिला मान त्याचाच. वर्षभर पोती उचलणारा माणूस त्या दिवशी फेटा बांधायचा.

मी नववीत होते त्या वर्षी सोसायटीचा चेअरमन यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाला आणि शिरूरहून ऑर्केस्ट्रा आणला. त्यात पॅड होतं. रबराचे चौकोन, त्यावर काठी मारली की ढोल, ताशा, संबळ, काय म्हणाल ते वाजायचं. आप्पा नेहमीसारखे ढोल घेऊन स्टेजवर चढले. मी खाली त्यांच्या चपला धरून उभी. चेअरमननं माईक हातात घेतला.

"ए ढोलवाल्या, उतर खाली. आता पॅड आलंय. धा ढोलांचं काम एक माणूस करतो. तुझं कातडं घरी नेऊन वाळत घाल जा."

माईक चालू होता. वाडीपासून स्टेशनपर्यंत ऐकू गेलं. सरपंच हसला. दूध डेअरीचा सेक्रेटरी हसला. शाळेतले गुरुजी हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घालून चपलेचा अंगठा बघितला. आप्पा चेअरमनपेक्षा वयानं मोठे. ते उतरले, मी चपला पुढं केल्या, त्यांनी घातल्या नाहीत. अनवाणीच घरी आले आणि पुन्हा जत्रेत गेले नाहीत. जत्रेच्या दिवशी ते मालधक्क्यावर कामाला जायचे.

काहीजण म्हणतात, शिकल्यावर राग निवळतो. माझा निवळला नाही. मला एकच गोष्ट पाहिजे होती. ह्या माणसानं त्याच स्टेजवर आप्पांसमोर हात जोडून उभं राहायचं आणि ढोल वाजवा म्हणायचं.

मी दौंडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या भावकीत बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, आणि मोठ्यानं सांगते. कुरकुंभच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात लागले. तिथं माझं हातातलं काम बघून कुणीतरी शिरूरच्या पॅडवाल्याला माझं नाव सांगितलं. त्याचं पॅड मधेच बंद पडायचं. हा तोच माणूस, त्या जत्रेत पॅड वाजवलेला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याला बोलावलं म्हणून तो आला होता. मी पॅड उघडून सोल्डर मारला. तो म्हणाला, "ताई, मशीन झाक झालं, पण ह्यातला ढोल म्हंजी निव्वळ पत्र्याचा डबा. लोकं शिव्या देत्यात."

पॅडच्या पोटात वाद्य नसतं. कुठंतरी कुणीतरी मारलेले टोले रेकॉर्ड करून ठेवलेले असतात, काठी पडली की ते वाजतात. ह्याच्या पॅडमधला ढोल ज्यानं मारला होता त्यानं आमच्याकडचा ढोल जन्मात पाहिला नसावा. शिरूरहून एस.टी.नं परत येताना माझं ठरलं होतं, ह्या पॅडमध्ये आप्पांचा ढोल घालायचा.

आधी मी सोपा रस्ता धरला. आप्पांच्या वादनाची एक जुनी कॅसेट होती, ती कॉम्प्युटरवर घेऊन टोले कापले. जमलं नाही. प्रत्येक टोल्याला मागच्या टोल्याची शेपूट चिकटलेली, वर झांजेचा खळखळाट. पॅडमध्ये भरायला आवाजांचा संच करायचा तर एकेक टोला सुटा पाहिजे. मारायचा आणि तो पूर्ण मरेपर्यंत गप्प बसायचं. तोही हळू, मध्यम, जोरात, असा वेगवेगळ्या ताकदीचा, म्हणजे काठी जशी पडेल तसा आवाज निघतो.

आप्पांना सांगितलं तर त्यांनी काठी खाली ठेवली.

"एकटा टोला न्हाई मारायचा."

"का?"

"तुला ठावं न्हाई व्हय? मेंढरं लांब रानात असायची. कुणी मेलं तर तळावर एकच टोला द्यायचा. लांबचा माणूस इचारायचा, कोण? मंग नाव घ्यायचं. एकटा टोला मेलेल्याचा असतो. बिननावाचा सोडता येत न्हाई."

"मग नावं घ्या की."

"कुणाची?"

मी म्हणाले, "सरपंचाचं घ्या. सेक्रेटरीचं घ्या. चेअरमनचं घ्या."

आप्पा बघतच राहिले. "जित्या माणसाच्या नावानं?"

"त्यांनी तुमच्या जित्या ढोलाला कातडं म्हटलं, तेव्हा?"

त्यांनी काठी पुन्हा उचलली, हातात फिरवली. मग म्हणाले, "चुकून जित्याच्या नावानं टोला पडला, तर त्यो फेडावा लागतो. त्या माणसाला म्होरं उभा करायचा, त्यानं हात जोडून वाजवा म्हणायचं, मंग सगळा ढोल वाजवायचा. तवा फिटतो."

हात जोडून, म्होरं उभा. मला पाहिजे ते आप्पांनी आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात, कातडं कडक असताना, आम्ही काम केलं. घुमू नये म्हणून खोलीच्या चारी भिंतींना घरातली आणि भावकीतली सगळी घोंगडी टांगली. ढोलाच्या दोन्ही तोंडांना एकेक माईक, शिरूरच्या पॅडवाल्यानं दिलेला. गाडी आली की थांबायचं. मालगाडी आली की चहा.

आप्पांनी गुरुजींपासून सुरुवात केली. "ह्यो गुरुजीचा. बिचारा हसला न्हाई." बोटाच्या पेरानं हलकेच. मग सेक्रेटरीचा, जरा वर. सरपंचाचा, काठीनं. आप्पांचा राग जसा चढत गेला तशा माझ्या कॉम्प्युटरवरच्या रेघा उंच होत गेल्या. मला ताकदीचे जेवढे थर पाहिजे होते तेवढे, कुठंही खाडा न पडता, मिळत गेले.

घोंगडीआडून आई ओरडली, "एक माझ्या नणंदेच्या नावानं हाणा!"

"आगं, ती माझी बहीण हाय!"

"म्हून तर तुम्हाला सांगतीया!"

तो टोला हसण्यात वाया गेला. आई नंतर पुष्कळ दिवस त्याची चौकशी करत होती.

शेवटी आप्पा उठून उभे राहिले, गुडघ्यानं ढोल दाबला आणि म्हणाले, "चेअरमन." असा टोला मी त्याआधी ऐकला नव्हता. घोंगड्यांची धूळ पडली. रेघ वर जाऊन चपटी झाली, म्हणजे आवाज फाटला. मी माईक मागं घेतला आणि म्हणाले, "आप्पा, पुन्हा." त्यांनी पुन्हा दिला. म्हणाले, "लागंल तेवढ्या बारी सांग." एकाच टोल्याचे चार-पाच नमुने लागतातच, नाहीतर वाजवताना मशीन वाटतं. मी जरा जास्तच घेतले.

कापायला, साफ करायला दिवाळी आली. टोला पडण्याआधीचा केसाएवढा रिकामा आवाजही काढावा लागतो, नाहीतर काठी आधी आणि ढोल मागून, असं होतं. संच पुरा झाल्यावर तो शिरूरला नेला. पॅडवाल्यानं एकदा काठी मारली, थांबला, पुन्हा मारली. "ताई, ह्यो कोण हाय?"

"माझे वडील. संच तुमचा. अट एकच, आमच्या जत्रेत वाजवायचा आणि मी मागीन तेव्हा माईक द्यायचा."

पुढच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा त्याचाच होता. आप्पा नेहमीप्रमाणे धक्क्यावर गेलेले. पॅड सुरू झालं आणि लोक उठले. म्हातारी माणसं चावडीच्या कट्ट्यावरून उतरून पुढं आली. चेअरमन स्टेजवर होता, त्याचे खांदे हलायला लागले. मग तो फेट्याचा शेव हातात धरून नाचायलाच लागला. पॅडवाला जोरात आला की चेअरमनच्या नावाचा टोला पडायचा आणि चेअरमन त्यावर उडी घ्यायचा. मी त्याला पोटभर नाचू दिलं.

मग वर चढून माईक घेतला. "हा ढोल कुणाचा आहे ते सांगते," म्हणाले आणि आप्पांचं पूर्ण नाव घेतलं. "ज्यांना ह्या स्टेजवरून उतरवलं, ते. ह्यातला प्रत्येक टोला एकटा मारलाय, नाव घेऊन. चेअरमन साहेब आता ज्याच्यावर नाचले, तो सगळ्यात मोठा टोला त्यांच्याच नावाचा आहे."

तरुण पोरं हसली. म्हाताऱ्या माणसांना एकटा टोला कुणाचा ते ठाऊक होतं, ती मागं सरली. पहिल्या रांगेत बसलेल्या चेअरमनच्या आईनं पदर तोंडाला लावला.

सकाळी चेअरमन आमच्या दारात. जत्रेचा दुसरा दिवस होता, आप्पा डबा घेऊन निघायच्या बेतात.

"आप्पा, माझा असल्या गोष्टींवर इश्वास न्हाई," तो म्हणाला. अहो-जाहो पहिल्यांदाच. "पण आईनं रातच्यापासून अन्नाला हात लावला न्हाई. तुम्ही तेवढा ढोल वाजवा. हितंच अंगणात."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "अंगणात नाही. स्टेजवर. माईक चालू ठेवून."

"पोरी, चार लोकांत माझी काय इज्जत..."

"आप्पांना चार लोकांतच उतरवलं होतं."

तो आप्पांकडं वळला. आप्पांनी डबा खाली ठेवला. "येतो म्हणावं आईला," ते म्हणाले. "तुम्ही सांगितल्यापरमानं कातडं वाळत घातलं हुतं, चेअरमन. चांगलं वाळलंय."

त्या संध्याकाळी आप्पा फेटा बांधून स्टेजवर चढले. चेअरमन त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि माईकवर म्हणाला, "आप्पा, ढोल वाजवा." आप्पांनी लगेच सुरुवात केली नाही. कातडं हातानं चाचपलं, पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. चेअरमन तसाच उभा. मग सगळा ढोल वाजवला, घाम निघेपर्यंत. चेअरमनची आई जेवली.

नंतर त्यानं माझ्याकडं निरोप पाठवला, आता फिटलंय तर तो टोला संचातून काढून टाक. मी काढला नाही.

आज शिरूर-दौंडकडच्या बहुतेक पॅडवाल्यांकडं तो संच आहे. तो मी केला आहे. आणि आमच्या जत्रेत पहिला मान पुन्हा आप्पांच्या ढोलाला आहे.