नवापूरच्या पाण्यात सासऱ्यांची कवळी

सासऱ्यांची कवळी समुद्रात पडली तेव्हा समुद्र अगदी शांत होता. त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरला कारखान्यात होतो, राहायला सरावलीत भाड्याच्या खोलीत. कराडहून सासू-सासरे आले होते. मेहुणीचा साखरपुडा तोंडावर होता आणि त्यासाठी सासऱ्यांनी खास नवी कवळी बसवून घेतली होती. ती दिसावी म्हणून ते उगाचच हसत. (माझ्याकडे बघूनसुद्धा! लग्नानंतर पहिल्यांदाच!)

त्या हसण्याने मला चेव आला. मेहुण्याने मस्कतहून पाणबुड्यांचा चष्मा आणि श्वास घ्यायची नळी पाठवली होती. पोहायला मी विहिरीत शिकलो होतो, समुद्राशी ओळख नव्हती. तरी म्हणालो, "बाबा, तुम्हाला समुद्राचा तळ बघून सांगतो!"

कारखान्यातला दोस्त जनार्दन जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. त्याने सासू-सासरे, बायको आणि मला होडीतून थोडं आत नेलं आणि नांगर टाकला. "हितं लाट नाय, काय नाय. बिनधास्त बसा," म्हणाला आणि रात्रपाळी करून आलेला तो गडी तिथेच घोरू लागला.

मी चष्मा चढवून उडी मारली. खाली काय दिसलं? चहा! दूध जास्त झालेला! स्वतःचा हात दिसेना. निदान गंमत तरी करू म्हणून होडीच्या पलीकडे गेलो आणि नळीतून कारंजं उडवत थेट सासऱ्यांच्या नाकासमोर वर आलो.

"आई गंऽऽ!" सासऱ्यांचं तोंड उघडलं आणि कवळी डुबुक!

"फाखरफुडा!" सासरे कळवळले.

"काढा आता!" बायको कडाडली.

मी बुडी मारली. शिंपला मिळाला. पुन्हा बुडी मारली. "ही का?"

"अहो, बाबांच्या तोंडात चप्पल होती का?"

मग मात्र डोकं वर काढायची मला लाज वाटू लागली. तोंड पाण्यात, नळी वर, मधूनमधून बुडी मारून दोन्ही हातांनी चिखल चाचपत राहिलो. आणि काय सांगू, हळूहळू तळ सहज लागू लागला! माझा दम वाढतोय, मी मुळातच पाणबुडा आहे, अशी माझी खात्री पटली. पुढे तर बुडी न मारताच तळ लागू लागला!

एवढ्यात चष्म्याला टेकतील इतक्या जवळ दोन पाय आले. झिजलेली जुनी जोडवी घातलेले. सासूबाई बुडाल्या! मी जिवाच्या आकांताने ते पाय धरून ओढले.

"अवो जावईबापू, सोडा!" आणि सासूबाई धप्पकन चिखलात बसल्या.

मी उभा राहिलो. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत होतं. होडी चिखलात कलंडून पडली होती. सासूबाईंनी एक हात उंच धरला होता आणि त्यात कवळी होती. "पाणी हटलं तशी दिसली, म्हणून उतरले," त्या रागाने म्हणाल्या.

होडी कलंडल्याने जनार्दन जागा झाला. "आरं, ओहोटी लागली! मला उठवायचं नाय का? आता भरती येईस्तवर होडी हितंच. चला चालत!"

साखरपुडा छान झाला. सासरे फोटोभर हसले. पण त्यानंतर मी कराडला गेलो की ते आधी कवळी काढून डबीत ठेवत, झाकण घट्ट लावत आणि मगच दारात येऊन म्हणत, "या, जावईफाफू!"