त्यांची डावी बाजू

हे गेले त्या दुपारी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. म्हणजे त्यांच्या लेखी मी खोलीत नव्हतेच. वाचणारा गोंधळेल, म्हणून आधी तेच सांगते. माझ्या नवऱ्याच्या मेंदूत उजवीकडं गाठ झाली होती, कॅन्सरची, आणि त्या गाठीनं त्यांचं डावीकडचं सगळं जग पुसून टाकलं होतं. डोळे चांगले होते, पण डावीकडं काही असतं हेच डोक्यातून गेलेलं. तिकडून माणूस आला तरी पत्ता नाही, डाव्या पायातली चप्पल वाटेत राहिली तरी पत्ता नाही. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडच्या स्टुलावर बसायचं, हे घरात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना पाठ झालं होतं. आणि नेमक्या त्या घटकेला ते स्टूल रिकामं होतं. जाताना त्यांना काय दिसलं असेल? एक रिकामं स्टूल, बस. घरात कुणी नाही असं वाटून गेला असेल का माझा माणूस...

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे यांच्या दिवसकार्याला, सगळी पांढऱ्या कपड्यांत येऊन गेली, बुद्धवंदना झाली, आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बायकांनी भांडी घासून दिली, आणि पाठ फिरताच मी खाट सरकवायला घेतली. आधी खिडकीशी नेली. तिथून यांच्या शिलाई मशीनजवळ, मग दारापाशी. नवारीची जुनी खाट, सुती पट्ट्यांनी विणलेली, बसलं की खोल जाणारी. कुठंही ठेवली तरी तिला डावी बाजू होतीच. शेजारीण म्हणाली, शालन, खाटेला पाय फुटलेत का गं? मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी चहा न घेताच गेली. दुपारी मीच जाऊन तिच्या ओट्यावर बसले, आणि तिथूनही पाच मिनिटांत उठले. पायाला भिंगरी म्हणतात ना, तसं झालं होतं.

हे शर्टाचे कारागीर. उल्हासनगरला कॅम्पात एका सिंधी शेठच्या गाळ्यात मशीनवर बसायचे, आणि उरलेलं काम घरी आणायचे. आमचं लग्न झालं तेव्हा ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. बोलायला कमी, अगदी मोजकं. मी मात्र बोलायला लागले की थांबत नाही, हे सासरच्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मी बडबडायची, हे मशीन चालवायचे. एकदा सर्दीनं माझा आवाज बसला, तर म्हणाले, तू गप्प असलीस की टाका तिरका जातो. आता यावर रागवायचं की लाजायचं, सांगा! बाजाराला निघालो की यांच्या उजव्या हाताला कायम शर्टांचं बोचकं, त्यामुळं मी डावीकडं. लग्नापासून माझी चालायची जागा तीच. पुढं दुखणं आलं ते नेमकं माझ्याच जागेवर येऊन बसलं.

सुरुवात कफांपासून झाली. एक दिवस शेठनं शर्टांचा गठ्ठा परत पाठवला. प्रत्येक शर्टाच्या एका बाहीला कफ आणि दुसरी तशीच उघडी. टेबलावर शर्ट पसरला की जी बाही यांच्या डाव्या हाताला येई, तीच राहून गेलेली. शेठ मोठ्यानं हसला म्हणे, "मास्टर, एक हाथ का कफ खा गए क्या?" आम्हीही हसलो. इतकी वर्षं डोळे मिटून कफ लावणारा माणूस, त्याच्याकडून अशी चूक होते म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला असणार. नवा चष्मा केला. आठ दिवस बरे गेले असं वाटलं, किंवा आम्ही तसं वाटून घेतलं.

मग जयंती आली. आमच्या गल्लीची एक रीत होती. चौदा एप्रिल जवळ आला की पांढरं कापड घेऊन यांच्याकडं रांग लागायची, आणि सगळे येणार शेवटच्या आठवड्यात. मी दारातच ओरडायची, वर्षभर झोपला होतात का रे? हे हसून माप घ्यायचे. त्या वर्षी लेझीमच्या सगळ्या बाप्यांचे शर्ट यांनीच शिवले. मिरवणुकीच्या दिवशी यांना धरून कोपऱ्यावर उभं केलं. लेझीम आली, आणि बघते तर एकूण एक माणसाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हे नाराज झाले. एवढ्या मेहनतीनं कफ लावले आणि ह्यांनी दुमडून टाकले, असं पुटपुटले. पुढं असलेल्या जाधवमामांच्या कानावर ते गेलं असावं. ते खेळ थांबवून आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, उकडतंय हो फार." एवढंच बोलून पुन्हा रांगेत गेले. मी त्यांच्या बाह्यांकडं नीट बघितलं. एका घडीत कफ होता, दुसरीत नुसतं उघडं कापड. अख्ख्या गल्लीला कळलं होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मुंबईच्या इस्पितळात फोटो काढले, गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डोक्याला आडवी शिवण घेऊन हे घरी आले. शिवणीवरून बोट फिरवून म्हणाले, टाके मोठे घातलेत, माझ्याकडं आणायला पाहिजे होतं. काही महिने बरे गेले आणि गाठ परत आली. या वेळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जवळ राहा. आणि एक युक्ती सांगितली. यांना ताटाची डावी बाजू दिसत नाही, तेव्हा अर्धं जेवण झालं की ताट फिरवून द्या. तोवर मी रोज डोकं फोडून घेत होते, की उजवीकडचा भात संपतो, डावीकडची भाकरी तशीच राहते, आणि वर हे म्हणतात, आज कमी वाढलंस गं. मग मी ताट फिरवायला लागले. दर वेळी यांचा चेहरा खुलायचा. अरे वा, अजून आहे की! रोज तेच ताट, रोज तीच मी, आणि रोज यांना नवल. दुखण्यातही मला हसू यायचं.

पण माणूस किती हसणार? मला रडायला जागा नव्हती. एवढीशी खोली, मोरी म्हणजे पडदा. यांच्या समोर रडायचं नाही असं मी ठरवलेलं. मग एक दिवस सुचलं की डावीकडं बसावं. तिकडं मी नसतेच. खाटेच्या डाव्या कडेला बसायची, पदर तोंडात धरायची आणि मनसोक्त रडायची, आवाज न करता. हे समोर बघत पडलेले असायचे, शांत. डोळे पुसून मी फिरून उजवीकडं यायची, स्टुलावर बसायची आणि म्हणायची, चहा टाकू का? हे म्हणायचे, टाक. त्या दुपारीही मी तशीच बसले होते. रडता रडता लक्षात आलं की श्वासाचा आवाज येत नाही...

मला एका जागी बसतं करायला म्हणून माझी नणंद वत्सला मला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, तिच्या घरी घेऊन गेली. ह्यांची धाकटी बहीण, यांच्यासारखीच कमी बोलणारी. पहिल्याच दुपारी तिचे यजमान जेवायला बसले, मी शेजारी वाढत होते. बोलता बोलता माझा हात गेला आणि मी त्यांचं ताट अर्धं फिरवलं. त्यांचा घास हातातच राहिला. भाऊजी भले माणूस. समोर आलेली भाजी खायला लागले. मी मात्र उठले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले. वत्सला मागोमाग आली. तिला मी सगळं सांगितलं. स्टूल रिकामं होतं, मी नको त्या बाजूला होते, तुझा दादा एकटा गेला गं, असं बरंच काही. तिनं ऐकून घेतलं आणि मला पायरीवर खाली बसवलं.

"वहिनी, दादाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी शेवटची आले तेव्हा मला म्हणाला, शालन डावीकडं बसून रडते. दिसत नाही मला, पण ती बसली की नवार खाली जाते आणि मी तिकडं कलतो. रडू दे म्हटलं पोटभर. मी गप्प पडून राहतो."

मला आधी रागच आला. एवढे दिवस हे माहीत असून बोलले नाहीत! आणि ही पण गप्प! मी तिला म्हटलं, तुम्हा भावंडांच्या तोंडाला टाके घातलेत का? आणि मग तिथंच पायरीवर बसून मी रडले. आवाज करून, अख्ख्या हेंद्रेपाड्याला ऐकू जाईल असं. वत्सलानं अडवलं नाही. चांगला तास दीड तास मी त्या पायरीवरून हलले नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला परत आले. खाट ओढून तिच्या जुन्या जागेवर नेली. शेजारणीला हाक मारून चहा पाजला, चहाबरोबर माझं बोलणंही ऐकवलं. दुपारी भात, पालेभाजी आणि भाकरी ताटात घेतली आणि खाटेच्या डाव्या कडेवर बसले. अर्धं जेवून झाल्यावर हात आपोआप ताटाकडं गेला, तो मी अडवला नाही. फिरवलं. भाकरी समोर आली. तेव्हा जाणवलं की मी बसलेय तिथं नवार चांगली खोल गेलीय, आणि खाटेवरची त्यांची उशी घसरत घसरत माझ्या मांडीला येऊन टेकलीय. त्या दुपारीही मी इथंच बसले होते, एवढंच वजन घेऊन. मी उरलेली भाकरी सावकाश खाल्ली.